आडवी भोकं

चढाच्या मध्यावर भावजी थांबले आणि रायफलीची पेटी त्यांनी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"जड झाली का?"

"ती नाही, मी जड झालोय."

नेमबाजी क्लबात रायफल देऊन टाकायची आणि आपलं नाव कमी करायचं, असं ठरवून ते निघाले होते. मी सोबतीला.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आयुष्य कारखान्यात लेथवर गेलं, सुट्टी मात्र रायफलीची. ताई मागे बसून दुर्बिणीतून बघायची, गोळी कुठे लागली ते सांगायची. काडतुसंही तीच आणायची. ती देवाघरी गेली, आणि आता घरात दिवसभर रेडिओ बोलत असतो, ऐकत कोणी नाही. नेमही गेला. हात थरथरतो, असं क्लबातल्यांनी ठरवलं. भावजींनी ते मुकाट्याने मानलं. गोळ्यांची भोकं पडलेले नेमाचे कागद न बघताच ते पेटीच्या खिशात कोंबायचे.

वाटेवरच्या बाकावर टेकलो. पेटीच्या खिशातून पाण्याची बाटली काढताना त्या कागदांतला एक माझ्या हाती आला.

"भावजी, ही भोकं अशी लांबट कशी? गोळी आडवी पडून गेल्यासारखी?"

त्यांनी कागद ओढूनच घेतला. चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"हात हलला तर भोक सरकतं गं. आडवं होत नाही."

मग मला समजावलं. नळीच्या आत स्क्रूच्या आट्यांसारखा पीळ असतो. त्याने गोळी भोवऱ्यासारखी फिरते, म्हणून सरळ जाते. त्यांच्या जुन्या नळीचा पीळ सैल. आखूड, हलक्या गोळीपुरता. ताई तीच आणायची. तिच्यामागे दुकानदार म्हणाला, "आता सगळे ही लांब, जड गोळीच नेतात," आणि यांनी घेतली. लांब गोळीला तेवढं फिरणं पुरत नाही, ती डुलत जाते.

"जन्मभर लेथवर आटे पाडलेत, आणि एवढं सुचलं नाही?"

"मला वाटलं, मीच बिघडलो."

मी मनात देवाचे आभार मानले. क्लबाचं फाटक वर दिसत होतं. भावजी उठले ते उताराकडे वळले. चार पावलांवर थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले,

"मेव्हणीबाई, रविवारी आखूड गोळ्या आणतो. तू मागे बसशील? लागली तर सांग, नाही लागली तरी सांग. मागून कुणीतरी बोलत राहायला हवं."