क्रुमच्या कागदावरचा खांदा

क्रुमच्या फोटोत ओग्न्यानचा खांदा आला होता. चौकड्याच्या कोटाचा, जेमतेम बोटभर. वर्षभर वेनेता जिन्याच्या दारातून जाता-येता तिकडे बघायचं टाळत होती, आणि रोज तिची नजर आधी तिथेच जात होती. मेलेल्या माणसाच्या कागदावर आपल्या जिवंत मुलाचा खांदा.

कागद ओग्न्याननेच चिकटवला होता. त्यांच्या रुसे शहरात कुणी वारलं की दारावर, बसथांब्यावर, झाडांच्या खोडांवर फोटोसह असा कागद लागतो. चाळिसाव्या दिवशी नवा, सहा महिन्यांनी नवा, वर्षाने नवा. क्रुम दोन मजले खाली राहायचा. त्याचा हसरा असा एकच फोटो होता, दोघांचा, वाद्यवृंदाच्या दिवसांतला. ओग्न्यानने त्यातून स्वतःला कापून घेतलं. पुरतं कापता आलं नाही.

ओग्न्यान सहा वर्षांचा होता तेव्हा काका लग्नात अकॉर्डियन वाजवायचे आणि हा शेजारी बसून टेबल बडवायचा. नाचणाऱ्यांचं एक पाऊल मध्येच लांबतं, ते त्याचं कधी चुकत नसे. वेनेता शाळेत गणित शिकवायची. तिने बोटांवर मोजून पाहिलं. दोन, दोन, तीन, दोन, दोन. अकरा.

"ह्याला कुणी शिकवलं?" तिने दिराला विचारलं.

"अकरा काय शिकवायचे, वहिनी? पुढे शाळेत ह्याला बारा शिकवताना त्यांचा जीव जाईल."

तसंच झालं. सोफियाला जाऊन तो पियानो शिकला. जाहिरातीवर 'जॅझ' हा शब्द चालत नसे, 'हलकं संगीत' असं छापायचे. त्या हलक्या संगीताखाली हा अकरा मात्रा घालायचा. ड्रमवाले दहाव्या मात्रेला धापा टाकत. एकटा क्रुम हसत हसत पार जायचा. दोघांची एक तबकडी निघाली, आठ रचना, सगळ्या ओग्न्यानच्या. मग दिवस पालटले. ते वाजवायचे त्या क्लबात फर्निचरचं दुकान आलं आणि दोघं नॉर्वेच्या प्रवासी जहाजावर लागले. नऊ वर्षं जेवणघरात वाजवलं.

"चार मात्रांशिवाय यांना घास उतरत नाही, आई," तो फोनवर म्हणायचा. रात्री सगळे झोपले की रिकाम्या जेवणघरात तो आणि क्रुम स्वतःचे अकरा वाजवून घेत. तेवढ्यावर तो जगत होता.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी क्रुमला हृदयाच्या दुखण्यामुळे जहाजावर जाणं बंद करायला सांगितलं. ओग्न्यान त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. "एकच फेरी चल. तुझ्याशिवाय मी त्या चारांतच मरेन." क्रुम गेला. तिसऱ्या संध्याकाळी, लोक सूप पीत असताना, ड्रमवर पालथा पडला.

दफनाच्या वेळी त्याची बायको राडका ओरडली नाही. "तू नेलंस, तूच आणलंस," ती म्हणाली. "आता त्याच्या थडग्याशी येऊ नकोस." मग ती प्लेव्हेनला बहिणीकडे निघून गेली.

तेव्हापासून घरातल्या पियानोचं झाकण उघडलं नव्हतं. त्यावर मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या होत्या. जानेवारीत ओग्न्यानने आपल्या रचनांच्या वह्या संगीत शाळेला दिल्या, तालयंत्र शेजारच्या मुलीला दिलं. वेनेताला बरंच वाटलं होतं. निदान आवरतोय, हलतोय.

उद्या क्रुमचं वर्ष. वर्षाचे कागद आणायला आज ती छपाईच्या दुकानात गेली. दुकानातली गाल्या तिची जुनी विद्यार्थिनी.

"हे घ्या बाई, वीस. आणि ओग्न्यानचाही तयार आहे, काळजी करू नका."

"ओग्न्यानचा काय?"

"फोटो. क्रुमच्या शेजारचा अर्धा. मंगळवारी येऊन कापून घेतला, म्हणाला कॉम्प्युटरमध्ये राहू दे, आईला शोधाशोध नको. गुणी आहे हो. माझ्या सासूबाईंनी पण आपला निवडून ठेवलाय, निळा रुमाल बांधलेला. चार वेळा बदलून घेतला, नाक मोठं दिसतं म्हणून."

वेनेता हसलीसुद्धा. तिचा स्वतःचा फोटो कपाटाच्या खालच्या खणात, दफनासाठी काढून ठेवलेल्या गडद निळ्या पोशाखावर होता. तिच्या वयाच्या सगळ्याच बायकांचा असतो. कोपऱ्यापर्यंत ती तशीच चालत आली. मग पाय थांबले. गाल्याच्या सासूबाई एक्क्याऐंशीच्या. ओग्न्यान चव्वेचाळीसचा. आणि आईला शोधाशोध नको, म्हणजे आई मागे राहणार हे त्याने ठरवून टाकलं होतं.

ती धावत घरी आली. कित्येक वर्षांत ती धावली नव्हती. ओग्न्यान स्वयंपाकघरात खिडकीशी बसला होता. दाढी केलेली.

"आणलेस?"

"आणले."

"उद्या तू लाव, आई. दारावरचा जुना आधी ओला कर, म्हणजे नीट निघतो."

"तू कुठे असशील?"

"कुठे असणार," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

"गाल्याने मला सगळं सांगितलं, ओग्न्यान."

 नाही म्हणाला असता तर तिने विश्वास ठेवला असता, इतकी ती घाबरली होती. तिने त्याचा हात धरला. टेबलावर आपल्या बोटाने दोन, दोन, तीन करून पाहिलं. त्याची बोटं हलली नाहीत.

बाहेरच्या खोलीत फोनशेजारी जुनी वही होती. राडकाचा नंबर तिने दफनाच्या दिवशीच खोडला होता. पण आयुष्यभर मुलांची चुकलेली गणितं तपासलेली बाई, एकच सरळ रेघ मारली होती. खालचे आकडे स्वच्छ दिसत होते. रागाने बोलेल, बोलू दे. माझ्या मुलाने तुझा माणूस नेला, हे मान्य करायचं. नाही म्हणायचंच नाही. मग एवढंच मागायचं, की आज निघून ये. त्याला तूच अडवलंस, तूच उद्या त्याला थडग्याशी ने, आणि मेलेल्याच्या नावाने वाटायच्या उकडलेल्या गव्हाचं भांडं तुझ्या हाताने त्याच्या हातात दे. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल. ती नाही म्हणाली तर त्याच वहीत डॉक्टरांचा नंबर होता, आणि लाज बाळगायची वेळ टळून गेली होती.

स्वयंपाकघराचं दार तिने सताड उघडं ठेवलं. ओग्न्यानचे दोन्ही खांदे तिथून दिसत होते. त्यांच्यावरून नजर न हलवता तिने रिसीव्हर उचलला.