कोकिळाबाईंनी भिजवलेली जमीन

फुलसावंगीच्या कोकिळाबाईंनी जन्मात कधी चूक कबूल केली नव्हती. भाजी खारट झाली तर दोष मिठाचा, दूध उतू गेलं तर म्हशीचा. आणि कुणीच सापडलं नाही तर नवरा सदाशिवराव होतेच.

अशा बाईच्या नव्याकोऱ्या घरामागे गावच्या पाणीयोजनेची विहीर खोदायचं ठरलं. खाली मुरूम असला तर पोकलेन चालणार, काळा खडक असला तर सुरुंग लागणार. बाईंची झोपच उडाली. अर्धं आयुष्य गळक्या छपराखाली काढून उभं केलेलं घर ते. त्याच्या भिंतींना तडे गेलेले त्यांना बघवलेच नसते.

खडक तपासायला मैत्रेयी नावाची इंजिनीयर येणार होती. जमिनीवर घण मारायचा आणि त्याची लहर किती वेगानं पुढे जाते ते मोजायचं. कठीण खडकात लहर पळते, भुसभुशीत मुरमात रेंगाळते. एवढं कानावर पडताच बाईंनी डोकं चालवलं. भिजली की जमीन मऊ होते, हे शेतकऱ्याच्या बायकोला कुणी शिकवायचं? आदल्या दिवशी मोटर लावून त्यांनी ती जागा पार तुडुंब केली.

सकाळी घण पडला. मैत्रेयीनं मशीनच्या पडद्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"काकू, इथं वरपासूनच लहर पळतेय. मातीत पाणी भरलं तरी असंच होतं. कुणी पाणी सोडलंय का? तसं असेल तर वाळल्यावर पुन्हा मोजते. नाहीतर अहवालात सुरुंग लिहावा लागेल."

सगळं गाव बघत उभं होतं. बाईंनी आधी म्हशीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "यायनं..." म्हणून तोंड उघडलंही. तेवढ्यात नजर घराच्या भिंतीकडे गेली.

"मीच सोडलं पाणी," त्या पुटपुटल्या. "चुकलं माह्यं."

सदाशिवराव लगबगीनं पुढे झाले.

"मॅडम, मशीन सुरूच होती न? इचं हे बोलणं उमटलं काय त्याच्यात? उमटलं असन तं एक कागद मले द्या. फ्रेम करून भिंतीवर लावतो."

मैत्रेयीला हसू आवरेना. तिनं खरंच वेड्यावाकड्या रेघांचा एक कागद काढून दिला.

जमीन वाळली, पुन्हा घण पडला आणि लहर मुरमात छान रेंगाळली. पोकलेननं विहीर खोदली, भिंतीला केसाएवढा तडा गेला नाही. मग एके दिवशी सदाशिवराव फ्रेम, खिळा आणि हातोडी घेऊन भिंतीपाशी उभे राहिले.

"ठोका, ठोका!" आतून कोकिळाबाई कडाडल्या. "पण तडा गेला न, तं चूक तुमची!"