वस्तऱ्याचं रोजचं हरणं

सलूनवाल्याला सगळं गाव वस्तराच म्हणायचं. आईबापांनी ठेवलेलं नाव विचारलं की तो आधी गालातल्या गालात हसायचा, मग डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, "होतं हो काहीतरी चांगलंसं."

हे नाव त्याला चिकटलं टीव्हीमुळं. त्या काळी 'रक्तरिंगण' नावाचा कुस्तीचा एक कार्यक्रम लागायचा. कुस्ती आपली म्हणायची. खुर्ची, टेबल, पत्रा, काटेरी तार, जे हाताला लागेल ते समोरच्याच्या अंगावर मोडायचं, आणि कोण जिंकणार हे मालकानं सकाळीच ठरवून ठेवलेलं. जिंकणं खोटं असायचं. पडणं मात्र खरं, आणि रक्त तर त्याहून खरं. आठवडाभर लोकांच्या दाढ्या करणारा हा मऊ हाताचा माणूस सुटीच्या दिवशी गालमिशा फिस्कारून रिंगणात उतरायचा, दात विचकायचा, आणि घराघरांतून त्याला शिव्या पडायच्या.

त्याच्या हातचा मार खायला असायचा पत्र्या. हा ट्रंकांच्या कारखान्यात पत्रा ठोकायचा. कार्यक्रमात तोच पत्रा त्याच्या डोक्यावर ठोकला जायचा, म्हणून पत्र्या. भोळा, सज्जन, सगळ्यांचा लाडका आणि कायम हरणारा. मालक दरवेळी म्हणायचा, पुढच्या मोसमात तुला जिंकवतो. पुढचा मोसम यायचा तेव्हा पत्र्या पुन्हा टाके घालून घेत बसलेला असायचा. असं करता करता कार्यक्रमच बंद पडला आणि पत्र्याचं जिंकणं राहून गेलं.

आता गंमत अशी, की हे दोघं एकमेकांचे जिवाभावाचे दोस्त. पण मालकाची सक्त ताकीद, की चारचौघांत एकत्र दिसायचं नाही. दिसलात तर कार्यक्रम कोण बघणार? म्हणून वस्तरा पत्र्याच्या घरी जायचा तो मागच्या बोळातून, स्वयंपाकघराच्या दारानं. पत्र्याच्या बायकोला तो वहिनी म्हणायचा आणि ती त्याला भावजी. एकदा बाजारात एका म्हातारीनं छत्रीनं वस्तऱ्याला बडव बडव बडवला. 'त्या गरीब पोराला मारतोस?' असं म्हणत होती. ते गरीब पोर तिथंच कांदे निवडत उभं होतं. त्याला रीतसर टाळ्या वाजवाव्या लागल्या. त्या संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरात बसून इतके हसले, की वहिनींनी दोघांनाही हाकलून लावलं.

वहिनींनी मात्र तो कार्यक्रम कधीच पाहिला नाही. नवऱ्याचा मार टीव्हीवर कशाला बघू, घरी आल्यावर धुवायला असतोच की, असं त्या म्हणायच्या. कुठल्या आठवड्यात खांदा निखळला आणि कुठल्या आठवड्यात भुवई फाटली, हे त्यांना सदऱ्यांवरून पाठ होतं.

पुढं दिवस गेले. कारखाना सुटला, लेक लग्न होऊन दूर गेली, आणि पत्र्या विसरायला लागला. आधी किल्ल्या, मग रस्ता, मग लेकीचं नाव. एवढ्या वर्षांचा डोक्यावरचा मार, तो कुठं तरी निघणारच, असं डॉक्टर म्हणाले. एक दिवस त्यानं बायकोला हात जोडून विचारलं, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" वहिनींनी त्याला पाणी दिलं आणि मोरीत जाऊन नळ सोडून बसल्या.

वस्तरा एक दिवसाआड त्याची दाढी करायला यायचा. कातड्याची जुनी पिशवी, साबणाची वाटी, ब्रश आणि वस्तरा. पत्र्या गाल पुढं करायचा, पण कोण आहे हे काही त्याला कळायचं नाही. "हात चांगला आहे तुमचा," एवढंच म्हणायचा. चाळीस वर्षांच्या दोस्तीतलं एवढंच उरलं होतं.

अशात 'रक्तरिंगण' पुन्हा सुरू झालं. नवा मालक, नवे पोरगे, नवे दिवे. आणि लोकांना आठवण यावी म्हणून नव्या भागाच्या आधी, भर दुपारी, जुना एक भाग. लेकीनं फोन करून आईला सांगितलं, बाबांना दाखव, ओळखीचं काही बघितलं तर माणूस ताळ्यावर येतो म्हणतात. वस्तऱ्यालाही आशा वाटली. तिघं टीव्हीपुढं बसले. वहिनी आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, हा बघा, निळ्या सदऱ्याचा आठवडा.

पत्र्या रंगला खरा. पण स्वतःला त्यानं काही ओळखलं नाही. "किती मारतायत हो त्या बिचाऱ्याला," असं म्हणून हळहळत राहिला.

मग एका दुपारी तो भाग लागला. त्याचं सांगायचं, तर आधी त्यांच्या धंद्यातली एक रीत सांगावी लागेल. पडलेल्यावर स्वार झालं, की वरच्यानं कोणाला दिसणार नाही असं खालच्याचं मनगट दाबायचं. खालच्यानं उलट दाबलं की ठीक आहे, चालू दे. नाही दाबलं, तर खेळ तिथंच गुंडाळायचा. त्या भागात पत्रा डोक्यात जरा तिरपा बसला होता. वस्तऱ्यानं मनगट दाबलं, पत्र्यानं दाबलं नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. आता खेळ गुंडाळायला हवा होता. पण लोक बघतायत. मग त्यानं काय केलं, पत्र्याला पोत्यासारखा खांद्यावर टाकला आणि राक्षसासारखा खदाखदा हसत पडद्याआड पळाला. लोकांनी बाटल्या फेकल्या. त्यांना वाटलं पळवून नेतोय. तो दवाखान्यात नेत होता, आणि गाडीत बसल्यावरही भीतीनं त्याचं ते हसणं थांबेना.

वहिनींना हे आजवर ठाऊक नव्हतं; भाग चालू असताना वस्तऱ्यानं हळूच सांगितलं तेव्हा कळलं. त्यांनी वस्तऱ्याकडं एकदा पाहिलं आणि उठून चहा ठेवला. पत्र्या मात्र पडद्याकडं बघत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी वस्तरा सवयीप्रमाणं मागच्या दारानं आत आला आणि त्यानं पिशवीतून वस्तरा काढला, तसा पत्र्या ताडकन उभा राहिला. एवढ्या वर्षांत वस्तऱ्याचा चेहरा सुकला होता, पण गालमिशा त्याच होत्या. जुन्या मिजाशीखातर वस्तऱ्यानं त्या ठेवल्या होत्या.

"त्याला कुठं नेलंस?" पत्र्या म्हणाला.

"कोणाला रे?"

"त्या बिचाऱ्याला. खांद्यावर टाकून. कुठं नेलंस?"

"दवाखान्यात नेलं."

"खोटं बोलतोस." आणि पत्र्यानं घडीची लोखंडी खुर्ची उचलली.

वहिनी ओरडणार तोवर खुर्ची आली होती. म्हाताऱ्या हाताची, पण आली. वस्तऱ्याचं अंग आपोआप वळलं. खुर्ची पाठीवर सपाट घ्यायची असते, हे ते विसरलं नव्हतं. त्यानं ती घेतली, दोन गिरक्या खाल्ल्या, टेबलाचा आधार शोधल्यासारखं केलं आणि फरशीवर असा आडवा झाला, की जुन्या लोकांनी शिट्ट्या मारल्या असत्या. पत्र्या गुडघ्यांवर बसला, त्याच्या छातीवर हात टेकला.

आणि वस्तऱ्याचं मनगट दाबलं गेलं.

पत्र्याच्या डोळ्यांत नुसता राग होता. पण खाली कोणाला न दिसता बोटं विचारत होती, ठीक आहेस ना? वस्तऱ्याला हुंदका आला. तो त्यानं कण्हण्यात मिसळून टाकला आणि उलट दाबलं.

"वहिनी, मोजा," तो पडल्या पडल्या पुटपुटला.

"काय मोजू?"

"तीनपर्यंत मोजा हो. तोवर मी उठलो नाही, की तो जिंकला."

वहिनींनी मोजलं. तीन म्हटल्यावर पत्र्यानं दोन्ही हात वर केले आणि स्वयंपाकघराच्या भिंतींकडं वळून वळून बघितलं. इतक्या वर्षांनी तो जिंकला होता. वस्तरा धूळ झटकत उठला आणि मान खाली घालून म्हणाला, नियम असा आहे, की हरलेल्यानं जिंकलेल्याची दाढी करायची. पत्र्याला हे पटलं. राजासारखा बसला आणि गळा वर केला.

दोन दिवसांनी तो जिंकल्याचं विसरला होता. तो भाग मात्र विसरला नव्हता. "त्याला कुठं नेलंस?" आणि खुर्ची. मग हेच रोजचं झालं. दाढी एक दिवसाआड लागायची, पण वस्तरा रोजच यायला लागला. वहिनींनी लोखंडी खुर्ची माळ्यावर टाकून वेताची हलकी खुर्ची ठेवली. पुढं पुढं उशीवर भागायला लागलं. उशी लागली तरी वस्तरा तितक्याच झोकात पडायचा. पडणं सोपं होतं, उठताना गुडघे बोलायचे. वहिनी एका हातानं कमरेला पदर खोचायच्या आणि दुसऱ्या हातानं त्याला उठवायच्या.

एकदा उठवता उठवता त्या म्हणाल्या, "भावजी, त्या मिशा उडवा आता. ओळखणार नाहीत, मारणारही नाहीत. टीव्ही मी बंद ठेवते."

वस्तऱ्यानं मिशांवरून हात फिरवला. "मग मी कोण उरेन, वहिनी? हात चांगला असलेला कोणी तरी. निदान आता मला ओळखतो तरी."

वहिनी उशी झटकत म्हणाल्या, "खरं आहे. मला तर मारतही नाहीत."

दुसऱ्या दिवशी पडल्यावर वस्तऱ्यानं पत्र्याला ऐकू जाईल असं विचारलं, पंच कोण आहेत? पत्र्यानं वहिनींकडं बोट केलं. "ह्या बाई. नेमानं मोजतात. खोटं मोजत नाहीत." त्या दिवशी वहिनींनी भात करपवला.

थंडी सरली तसा पत्र्या उतरत गेला. उशी उचलायचा तर ती मांडीवरच राहायची. वस्तरा मग स्वतःच जवळ जायचा, आपलं डोकं उशीवर आपटून घ्यायचा आणि कोसळायचा. पत्र्याचा हात छातीपर्यंत यायला वेळ लागे. वस्तरा फरशीवर पडून वाट बघायचा. हात यायचा. मनगट दाबलं जायचं. अगदी हलकं, पण दाबलं जायचं. वहिनी तोवर मोजणं लांबवायच्या, दोन आणि तीन यांच्या मध्ये दुधाचं भांडं उतरवून यायच्या.

आणि एक दुपार अशी आली, की टीव्हीवर तोच भाग पुन्हा लागला होता. वस्तरा मुद्दाम त्याच वेळी आला. दारातूनच त्यानं दात विचकले, जुना आवाज काढला. "ए पत्र्या! ऊठ! आज तुझी ट्रंक करतो की नाही बघ."

पत्र्या खिडकीपाशी बसला होता. त्यानं वळून पाहिलं, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता. ओळख नव्हती. टीव्हीकडंही त्याचं लक्ष नव्हतं. कोणी आलं आहे, येऊ दे, अशी ती नजर. वस्तऱ्यानं उशी त्याच्या हातात दिली. त्यानं ती नीट मांडीवर ठेवून घेतली.

"सकाळपासून असेच आहेत," वहिनी म्हणाल्या.

वस्तरा तरीही पडला. झोकात नाही, हळूच, हात टेकत. पाठीला फरशी गार लागली. वर टीव्हीतला तरुण वस्तरा खदाखदा हसत कोणाला तरी खांद्यावर घेऊन पळत होता. वहिनींनी एक म्हटलं. दोन म्हटलं. मग त्या थांबल्या. तीन त्यांच्या तोंडून निघेना.

शेवटी वस्तरा आपला आपण उठला. त्यानं साबण फेसाळला, पत्र्याची हनुवटी वर केली आणि दाढी सुरू केली. जबड्याखाली एक जुना व्रण होता, लोखंडी पत्र्याच्या कडेचा, वस्तऱ्याच्याच हातचा. तिथं केस येत नसत. तिथून पातं तो नेहमी उचलून घ्यायचा, तसंच आजही घेतलं. ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. मग खाली बसून त्यानं पत्र्याचं मनगट हातात घेतलं आणि दाबलं.

पुन्हा दाबलं.

वहिनींनी टीव्ही बंद केला. वस्तऱ्यानं मनगट सोडलं नाही. खिडकीकडं बघणाऱ्या त्या गुळगुळीत चेहऱ्याला, रोज विचारलेल्या आणि आज न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तसा, तो हळूच म्हणाला, "घरी आणून सोडलाय रे त्याला. घरीच आहे तो. काळजी करू नकोस."

दुसऱ्या दिवशी तो आला तो पुढच्या दारानं. कोणी पाहिलं तर पाहू दे.