वरून उघडी टोपी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलचेऱ्याच्या शाळेत सातवीच्या वर्गावर होते. वहिनी एवढंच म्हणाली, "ताई, या." पुढचं विचारावं लागलं नाही. अहेरीला पोचेपर्यंत एसटीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती... पार्सल अजून आलं नाही. सख्खा भाऊ गेला होता आणि मी एका खोक्यावर चिडले होते.

दादाचं काम लोकांना समजावताना माझी नेहमी तारांबळ उडायची. परदेशातून आलेल्या प्रत्येक वस्तूला कस्टममध्ये एक कोड द्यावा लागतो आणि त्यावरून तिचा कर ठरतो. नागपूरच्या एका एजंटाकडे दादा हे कोड ठरवायचा, त्यातही कापडी टोप्यांचे. नेट आल्यापासून अहेरीच्या घरी बसूनच, फोटो आणि नमुने बघून. टोपी विणलेली की कापड कापून शिवलेली, पट्ट्या जोडून केलेली की सलग, कोरी की वापरलेली... आमच्या घरी जेवताना भाजीपेक्षा टोप्यांचीच चर्चा जास्त. शेजारच्या लग्नात सगळे नवरदेवाकडे बघत होते आणि हा त्याच्या फेट्याकडे. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "शिवून आणला असन तर डोक्याची वस्तू. इथीच बांधला असन तर नुसतं कापड." मी म्हटलं, "दादा, अक्षता टाक." अक्षताही त्यानं फेट्यावर नेम धरूनच टाकल्या.

मग गेल्या हिवाळ्यात कॅन्सरचं निदान झालं. नागपूरला औषधं चढवायला सुरुवात झाली आणि केस गेले. आपल्याकडची जंगलपट्टीची थंडी टाळूलाच धरते. लोकरीची टोपी त्याला टोचायची, म्हणून तो माझी सुती ओढणी डोक्याला गुंडाळून बसायचा. मी टोपी म्हटलं की लगेच अडवायचा, "ओढणी आहे ते. गुंडाळल्यानं टोपी होत नाई." हसायचा, पण दात वाजत असायचे. जर्मनीत नर्स असलेल्या माझ्या भाचीनं, त्याच्या मुलीनं, हे व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि मऊ विणीच्या टोप्यांचं मोठं खोकं पाठवलं. बापासाठी आणि त्याच्या वॉर्डातल्या सगळ्यांसाठी. नग जास्त म्हणून ते कस्टममध्ये अडलं. मालाचं वर्णन नीट लिहून द्या, अशी विचारणा आली.

भाचीनं फोटो पाठवला. दादानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. नळीसारखा विणलेला तुकडा होता, दोन्ही तोंडं उघडी. हवा तर गळ्यात घाला, हवा तर डोक्यावर ओढा.

"पोरी, ही टोपी नाई," तो म्हणाला. "वरून बंद कुठी आहे? हे गळपट्ट्याच्या कोडात जाते."

ती फोनवर रडकुंडीला आली. "बाबा, टोपी म्हणून सुटत असेल तर सुटू द्या ना."

"चुकीच्या नावानं आलेली वस्तू मी डोक्यावर कशी घेऊ?"

मी मध्ये पडले. "दादा, तुले थंडी वाजून राह्यली ना? मग काऊन अडून बसला?" वहिनीनं ओढणी पुन्हा नीट बसवली. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं, पण त्या खांद्यांत हलवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कागद बदलले, तसं खोकं उघडून तपासायचं ठरलं, मग कोणाचा तरी अभिप्राय. दादा रोज एजंटाच्या ऑफिसात फोन लावायचा. आयुष्यभर जे वाक्य तो गिऱ्हाइकांना ऐकवत आला, तेच त्याला ऐकू यायचं, "फाईल वर गेली आहे, भाऊ." हळूहळू त्याला फोन धरवेना, मग मी लावायला लागले. कोणाशी भांडावं? कस्टमच्या साहेबानं रास्त विचारलं होतं, दादानं रास्त उत्तर दिलं होतं. दोघंही बरोबर आणि माझा भाऊ थंडीनं कुडकुडत होता. शेवटपर्यंत माझी ओढणीच होती त्याच्या डोक्याला.

तो गेल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात खोकं आलं. दादानं सांगितलेलंच नाव, त्याच कोडात. वहिनीनं ते उघडलं नाही. "ताई, तुम्हीच न्या," म्हणाली. मी नागपूरला त्याच्या वॉर्डात गेले. त्याच्या खाटेवर आता एटापल्लीकडच्या एक आजी होत्या. मी त्यांच्या डोक्यावर ती नळी हलक्या हातानं ओढली, वरचं तोंड दुमडून घेतलं. त्यांनी दोन्ही तळवे डोक्यावर ठेवले आणि तसेच ठेवून बसल्या.

"बाई, काय म्हणते याले?" त्यांनी विचारलं.

"टोपी," मी म्हणाले.

आणि थांबले... कोणी अडवलं नाही.