बारवेच्या पायऱ्या बुजवल्या त्या साली

नारू आता कुणाला ठाऊक नाही, आणि ते बरंच आहे म्हणा. आमच्या वेळी उन्हाळा लागला की बाया आधी स्वतःच्या पायांकडे बघायच्या. घोट्यापाशी पोळल्यासारखा फोड यायचा. तो फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा तोंड बाहेर काढायचा. तो ओढायचा नाही, काडीला गुंडाळायचा, रोज बोटभर. मध्येच तुटला तर पाय गेला. लोणंदला माझ्या आईचा तसाच गेला होता. ती भिंत धरून चालायची, आणि मी लहानपणी तिच्या त्या वाकड्या पायाला भ्यायचे. आईला नाही हो, पायाला.

लग्न होऊन साताऱ्यात आले. आमच्या पेठेच्या खालच्या अंगाला हौदाचं पाणी पोचत नव्हतं, सगळी आळी एका बारवेवर. पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. मालक दिवाळीला रजेवर येऊन पुन्हा लढाईवर गेलेले, आफ्रिकेच्या बाजूला कुठंतरी. घरात सासूबाई, मी आणि मॅट्रिकला बसलेले धाकटे दीर. चळवळीच्या त्या दिवसांत चार पोरं एका जागी दिसली तरी शिपाई हटकायचा, म्हणून दीरांचे सहा-सात सोबती आमच्या सोप्यात जमायचे. गुळाचा चहा करायचा आणि दारावर लक्ष ठेवायचं, ही माझी कामं. त्यांना वाटायचं वहिनी चहा देते. मी सगळं ऐकत असायची.

दवाखान्यातल्या कंपाउंडरनं त्यांना नारूचं सांगितलं होतं. दीर मला म्हणाले, "वहिनी, नारूवाल्याच्या पायाची आग होती, म्हणून तो पाय पाण्यात बुडवतो. तितंच किड्याची पिल्लं सुटत्यात. आन् तेच पानी आपण भरून आणतो."

"मग काय पानीच प्यायचं न्हाई व्हय?"

"प्यायचं की! पण वरनं काढून. पायऱ्या बुजवायच्या, काठाला कप्पी लावायची. कुणाचा पायच पाण्याला लागाय नको."

इतकं सोपं. पण शेवटच्या पायरीवर कोनाड्यात साती आसरा होत्या, पाण्यातल्या देव्या, शेंदूर फासलेले सात दगड. त्या कोपल्या की पोटुशी बाईला धरतात, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आळीतले म्हातारे हसून म्हणाले, "दगड वर आणायचे तर सवाशिणीनंच आणावेत. बघू कोण येती पुढं."

कोण येणार? एकही बाई येईना. आणि मला तेव्हा तिसरा महिना होता.

सासूबाईंनी बजावलं, "पोटात जीव हाय तुझ्या. तिकडं फिरकायचं न्हाई."

त्या बाजाराला गेल्या तशी मी बारवेवर गेले. का गेले, नीट सांगता येत नाही. एका बाजूला आईचा पाय, एका बाजूला पोटातलं, आणि दोन्हीकडून भीतीच. खाली ओलसर गार होतं. पहिल्या दगडाला हात लावला तेव्हा दातखीळ बसायची वेळ आली. एकेक करून साती दगड पदरात घेतले. वर येताना पदर असा ओढ घेत होता, की वाटलं खालून कुणी धरलाय. काठावर पोरांनी चुन्यात कोनाडा करून ठेवला होता, त्यात ते मांडले, हळदीकुंकू वाहिलं आणि घरी येऊन भडाभडा ओकले. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पोरांनी माघात पायऱ्या दगडमातीनं बुजवून तोंडाशी भिंत उभी केली. लढाईमुळं सिमेंट मिळेना, तर चुना मळून केली. कप्पी लागली, दोर आला. आणि मग दीर बोलून गेले, "आता ह्या उन्हाळ्यात एकालाबी नारू व्हणार न्हाई." तेवढंच चुकलं त्यांचं.

वैशाखात आळीत तिघांना नारू निघाला.

माणसं सोप्याशी गोळा झाली. "काय रं डॉक्टरा? नारू जाणार हुता न्हवं?" एक म्हातारा म्हणाला, "आसरा कोपल्या. आजून एक जरी निघाला, तर भिंत पाडू आन् त्यास्नी जागच्या जागी नेऊन ठेवू." बोलताना त्यानं माझ्या पोटाकडं बघितलं.

दीर पळत कंपाउंडरकडं गेले आणि पडेल तोंडानं परत आले. नारू अंगात वर्षभर वाढतो म्हणे. आज निघतोय तो गेल्या साली प्यालेल्या पाण्यातला. "म्या हे आधी विचारलंच न्हाई, वहिनी. आता कोण ऐकणार?"

त्यानंतर सहा दिवसांनी माझ्या डाव्या घोट्यावर फोड आला.

काय सांगू! वर्षाचा हिशेब मी कानांनी ऐकला होता, पण मन म्हणे, दगड उचलले ते हेच. आज पाय धरलाय, उद्या पोटातलं धरतील. आणि कुणाला दाखवलं तर भिंत जाणार, पुन्हा सगळे पाण्यात उतरणार, माझं लेकरूही एक दिवस उतरणार. लपवलं ते बरं केलं का वाईट, अजून मला ठरवता येत नाही. लुगडं घोट्याखाली सोडलं. दुपारी सासूबाई कलंडल्या की कणगीमागं बसायची, आगकाडीला दोरा गुंडाळायची. आईच्या पायाची आठवण आली की थांबायची. काडी बांधून वर चिंधी. पोटात बाळ हललं नाही असं वाटलं की जीव कासावीस व्हायचा. हललं की त्यानंही दचकायची.

नवव्या दिवशी वर बघते, तर सासूबाई उभ्या.

"पाय दाव."

दाखवला.

"कवापासनं?"

"नऊ दिस झालं, आत्याबाई."

"आन् सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुमी भिंत पाडाय लावली असती."

"व्हय, लावली असती," त्या म्हणाल्या. रागानं लाल झाल्या होत्या. तेवढ्यात बाहेरून शेजारीण ओरडली, "आवं, सून दिसंना कुटं? लंगडती म्हनं ती. बघू तरी काय झालंय!"

सासूबाईंनी माझ्या पायाकडं बघितलं, मग पोटाकडं. भिंतीवर दीरांची चुन्यानं माखलेली टोपी अडकवली होती, तिच्याकडं बघितलं. आणि तिथूनच ओरडल्या, "सूज आलीया पायास्नी! पोटुशीला येतीच की. तुला काय चार पोरं आयती मिळाली व्हय गं?"

बाहेर ती हसली आणि गेली.

सासूबाई खाली बसल्या, माझा पाय मांडीवर घेतला. "तुजा हात कापतोय. तोडशील." पुढं रोज त्यांनीच काडी फिरवली. ओठ पुटपुटत असायचे. आसरांची माफी मागायच्या, का मला शिव्या द्यायच्या, विचारायची माझी छाती झाली नाही. बारा दिवसांनी अख्खा दोरा बाहेर आला. तो त्यांनी चुलीत टाकला, पाण्याच्या आसपास नाही. म्हणजे त्याही सोप्यातलं सगळं ऐकत होत्या.

श्रावणात मुलगी झाली. दोन्ही पाय सरळ आहेत का, ते मी आधी बघितलं.

भीती काही तिथं संपली नाही. पुढच्या वैशाखात मी पोरीला काखेला मारून कप्पीपाशी उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा घोटा न्याहाळायची. सासूबाईही आसरांना कुंकू लावायच्या निमित्तानं यायच्या आणि खालीच बघत राहायच्या. वैशाख गेला, ज्येष्ठही गेला. आळीत कुणाच्या पायाला काडी दिसली नाही.

एक दिवस घागर ओढता ओढता त्या थांबल्या, दोर चिमटीत धरून बघितला.

"झिजलाय," म्हणाल्या. "तुज्या त्या पोरांस्नी सांग, नवा आणा म्हणावं."