उभ्या ज्वारीतले इंग्रजी शब्द

रिलक्टंट म्हणजे नाखूश. हा अर्थ माझ्या सोबत्याला येत होता. येत असूनही त्याला मॅट्रिकला बसू दिलं नाही. हे कसं घडलं ते मी इथं सरळ लिहितो, कारण सभेत सांगितलं की लोक हसतात, आणि मग मला पुढं बोलवत नाही.

तो मानोऱ्याच्या बाजूच्या एका तांड्यावरचा. मी जवळच्या गावातल्या शेतकऱ्याचा पोरगा. दोघं एकाच वाटेनं हायस्कुलात जायचो. आमच्या शाळेत दिवाळीनंतर शाळाखात्याचे डिप्टी साहेब तपासणीला येत आणि मॅट्रिकच्या वर्गाला इंग्रजीतले अवघड शब्द स्वतः तोंडी विचारत. जो अडला त्याला त्या साली परीक्षेला पाठवायचं नाही, असा शाळेनं स्वतःच नियम करून टाकला होता. निकाल चांगला दिसला पाहिजे ना. पोराचं काय व्हायचं ते होवो.

तांड्याचं गणित वेगळं होतं. ज्वारी निघाली की तिथली माणसं बायकापोरांसकट बाहेर निघायची, कुठं रस्त्याची खडी फोडायला, कुठं जंगलतोडीला. माझ्या सोबत्याला त्याच्या बापानं माझ्यासमोरच सांगितलं होतं, "डिप्टीनं पास केलं तं राह्य तू इथं. नाई केलं तं चाल आमच्यासंगं."

दिवाळीच्या सुटीत ज्वारी दाण्यावर आली. आमच्या वावरात खांबांवर बांधलेल्या उंच माळ्यावर मी राखणीला, आणि नाल्यापलीकडं दुसऱ्याच्या वावरात तो. पाखरं हाकलायला दिवसभर ओरडावंच लागतं. तो म्हणाला, "नुसतं हा-हू कायले करायचं? शब्दच म्हनू ना."

तसंच सुरू झालं. मी माळ्यावर उभा राहून नाल्यापार शब्द फेकायचो, लांब हेल काढून, "बेनेव्होलन्टऽऽ." तिकडून गोफण डोक्यावर गरगर फिरायची आणि गोटा सुटताना त्याचा आवाज यायचा, "परोपकारीऽऽ." पाखरांचा थवा उठायचा. मग पुढचा शब्द.

अर्थ पाठ करणं त्याला माझ्यापेक्षा दुप्पट जड होतं, हे मास्तरांच्या कधी डोक्यात आलं नाही. मास्तर फळ्यावर इंग्रजी शब्द लिहीत आणि समोर पुस्तकी मराठी. आमच्या घरात वऱ्हाडी. त्याच्या घरात तांड्याची बोली, तिचा वऱ्हाडीशीही संबंध नाही. म्हणजे तो एका परक्या शब्दाचा अर्थ दुसऱ्या परक्या शब्दानं पाठ करत होता. दुपारी नाल्यात भाकर खायला बसलो की तो विचारायचा.

"मॅग्नॅनिमस म्हंजे उदार मनाचा. अन् उदार मनाचा म्हंजे?"

"ज्याचं मन मोठं हाये तो."

"असा कोन हाये आपल्या इकडं?"

"डिप्टी असन."

"मंग तं आपन पास झालो गड्या," तो म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

सुटी संपेपर्यंत फळ्यावरचा एकही शब्द त्याचा चुकत नव्हता. मीच अडखळायचो, आणि मग तो नाल्यापलीकडून शब्द आणि अर्थ दोन्ही ओरडून वर एक शिवी द्यायचा.

डिप्टी आले त्या दिवशी खोलीत नवी सतरंजी होती, टेबलावर फुलं होती, आणि मास्तरांनी सगळ्यांना हळू बोला म्हणून दम दिला होता. डिप्टी खुर्चीत रेलून अगदी बारीक आवाजात शब्द विचारत. एकेकाला टेबलासमोर उभं करत. माझी पाळी होऊन गेली, मी निभावलो. मग तो उभा राहिला.

डिप्टींनी एक शब्द विचारला. तो गप्प. दुसरा विचारला. तरीही गप्प. त्याचे ओठ हलत होते. मला मागून त्याचा उजवा खांदा तेवढा दिसत होता, तो आतल्या आत उडत होता. मला कळलं. त्याचा अर्थ तोंडात नव्हताच, हातात होता. हात फिरला असता तर अर्थ आला असता.

मास्तर म्हणाले, "अरे बोल की. साहेबांना वेळ नाही."

डिप्टी म्हणाले, "रिलक्टंट."

त्याचा हात डोक्यावर गेला, गर्रकन फिरला आणि टेबलाच्या दिशेनं सुटला, आणि तो नाल्यापार ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "नाखूशऽऽ."

डिप्टी खुर्चीसकट मागं सरकले. फुलदाणी कलंडली. पुढच्या क्षणी मास्तरांची छडी त्याच्या पाठीवर होती.

मी उभा राहून म्हणालो, "साहेब, अर्थ बरोबर आहे."

डिप्टी रुमालानं बाहीवरचं पाणी टिपत होते. म्हणाले, "अर्थाचं राहू दे. तांड्यावरचा ना हा? हात उचलतो. याला परीक्षेला कशाला पाठवता?"

ते एवढंच बोलले, आणि शाळेनं ते उचलून धरलं.

संध्याकाळी मी मास्तरांच्या घरी गेलो. ते पाटावर बसून चहा पीत होते. मी गोफणीचं, माळ्याचं, नाल्याचं सगळं सांगितलं. ते हसले. खरोखर हसले, चहा सांडेपर्यंत. म्हणाले, "असं होय. मला वाटलं अंगात आलं त्याच्या."

"मग डिप्टींना सांगा ना, गुरुजी. अजून मुक्काम आहे त्यांचा."

त्यांनी कप खाली ठेवला. "आणि काय सांगू? माझी पोरं इंग्रजी झाडावर चढून शिकतात? माझी बदली अडकलीय बाबा त्यांच्याकडं. त्याला म्हणावं, पुढच्या वर्षी ये. गोफण वावरात ठेवून ये."

म्हणजे ज्याला खरं कळलं तोही गप्प बसला. डिप्टींना निदान काही ठाऊक नव्हतं. मास्तरांना सगळं ठाऊक होतं. मला राग येतो तो त्यांचा.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. मी तांड्यावर गेलो तर त्याच्या घरचं सामान बैलांवर चढत होतं. ज्वारी अजून उभीच होती, निघायला अवकाश होता. पण शाळेतली गोष्ट पसरत पसरत तांड्यावर पोचली तेव्हा ती अशी झाली होती की पोरानं सरकारी साहेबाला मारायला हात उचलला. गावात काही हरवलं तरी पोलीस पहिले तांड्यावर यायचे. इथं तर साहेबाचं नाव होतं. कोणी वाट पाहणार नव्हतं. इथल्या पोलिसांच्या हद्दीबाहेर, नदीपार जायचं ठरलं होतं, ज्या मुलखाला म्हातारे अजून मोगलाईच म्हणत.

मी त्याच्या बापाला म्हणालो, "बाबा, त्यानं कोनावर हात नाई उचलला. ते गोफनीचं होतं."

बाप दोर आवळत होता. "मले मालूम हाये. तुले मालूम हाये. साहेबाले मालूम हाये का?"

"मी सांगतो त्याहिले."

"तू कोन? तुह्यं आयकलं का त्याहिनं काल?"

माझा सोबती बैलाच्या पलीकडून आला. पाठीवरचे वळ सुजले होते, म्हणून सदरा घातला नव्हता. मी म्हणालो, "पुढच्या साली बसजो. मास्तर हो म्हनले."

"पुढच्या साली हेच डिप्टी येतीन," तो म्हणाला. "तू जाय आता. तुले परीक्षा हाये. आमच्यासंगं कोनी पाह्यलं तं तुह्यंही जाईन."

मी तिथून निघालो.

मॅट्रिकच्या इंग्रजीच्या पेपरात फळ्यावरचे पुष्कळ शब्द आले. मी पास झालो. त्या परीक्षेत तोंडी काही नव्हतंच. सगळं कागदावर लिहायचं होतं, आणि हॉलमध्ये कोणी तोंड उघडायचं नव्हतं.