दादाला समुद्रापर्यंत नेताना

माझ्या भावाला फिरायला नेणं म्हणजे उभं पीक गाडीत घालून नेण्यासारखं आहे. तो निफाडजवळ द्राक्षं पिकवतो, मी नाशकात नोकरी करते. त्याच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, पण वहिनीला घेऊन तो एकदाही मुक्कामाला गेला नाही. एकदा निघाले होते बिचारे, तर इगतपुरीच्या अलीकडे आभाळ भरून आलं आणि गडी गाडी वळवून थेट बागेत. वहिनीनं डब्यातल्या पुऱ्या बांधावर बसून खाल्ल्या.

यंदा सप्टेंबरात तिनं मला फोन करून सरळ सांगितलं, "ताई, एकदा समुद्रापर्यंत जायचंय. ह्यांना घेऊन. मधून परत फिरायचं नाय." आवाज असा होता, की मी रजेचा अर्ज लिहूनच फोन ठेवला. मोठी छाटणी व्हायची होती, म्हणून दादा तयार झाला. फक्त एकरभर बाग त्यानं लवकर छाटली होती आणि तिच्यावर कोवळी पानं आली होती. तेवढा एकर आमच्यासोबत मागच्या सीटवर बसून आला म्हणायचं.

गाडी मी चालवणार, किल्ली माझ्याकडे राहणार आणि द्राक्षाचं नाव काढायचं नाही, असं मी निघतानाच बजावलं. दादानं मान डोलावली. संगमनेर यायच्या आत त्यानं बागेवरच्या माणसाला दोन फोन केले. द्राक्षाचं नाव काढलं नाही, हे खरं. "तिकडं कसंय?" एवढंच विचारत होता.

आंबोलीत पोचलो तर समोरचा माणूस दिसत नव्हता, इतकं धुकं. झाडांच्या खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांवर थेंब. मी हरखून गेले. दादानं मात्र आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या घरमालकीणबाईंना पहिलाच प्रश्न विचारला, "इथं पानं किती तास ओली राहतात?" त्या म्हणाल्या, "तास कसले? चार महिने." दादाचा चेहरा असा पडला, जसं कुणाच्या मयताचं कळलं. पानं ओली राहिली की डावणी येते, म्हणजे द्राक्षाला लागणारी बुरशी. द्राक्षवाल्याला त्यापुढचं काही सुचत नाही.

जवळच्या कावळेसादच्या कड्यावर दरीतून वारा असा उसळत होता, की धबधब्याचं पाणी खाली पडायच्या ऐवजी वर उडून आमच्या तोंडावर येत होतं. लोक किंचाळत होते, फोटो काढत होते. दादा म्हणाला, "हा वारा आपल्याकडं आला तर वेलींचा मांडव झोपेल." वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दादा, तोंड बंद ठेव आणि भीज." तो भिजला, पण छत्री उघडी ठेवून.

खरा घोळ दुसऱ्या दिवशी दुपारी झाला. घरमालकीणबाई आम्हाला रानातलं एक डबकं दाखवायला घेऊन गेल्या. दादाला एक सवय आहे. पान दिसलं की ते उलटं करून बघायचं. रानभर त्याचं तेच चाललं होतं. डबक्यावर झुकलेल्या एका फांदीला पानाखाली पांढरा फेसाचा गोळा लटकत होता. दादाला वाटलं मिलीबग, ती कापसासारखी पांढरी कीड. कुणी काही म्हणायच्या आत त्यानं डहाळी खटकन मोडली आणि पायाखाली घ्यायला निघाला.

बाईंनी त्याचा हात धरला. "ता बेडकाचा घरटा आसा," त्या म्हणाल्या. त्यांनी मग समजावून सांगितलं. मादी पाण्यावरच्या फांदीला फेसात अंडी घालते, पिल्लं तयार झाली की टपटप खाली पाण्यात पडतात. फांदी पाण्यावर नसली तर संपलं.

दादा इतका ओशाळला, की मला हसूही आवरेना आणि त्याची दयाही यायला लागली. जन्मभर कीड मारणारा माणूस हातात बेडकाची पोरं धरून चिखलात उभा. मग खिशातून सुतळी काढली. द्राक्षवाल्याच्या खिशात सुतळी नसेल तर तो द्राक्षवालाच नाही. वेलीची काडी तारेला बांधतात, तशी ती डहाळी त्यानं शेजारच्या फांदीला बांधली, फेसाचा गोळा बरोब्बर पाण्यावर राहील अशी. दोनदा ओढून बघितली. वहिनी म्हणाली, "इतकी वर्षं द्राक्षं, आता बेडूक."

सकाळी तो सगळ्यांच्या आधी उठून डबक्यावर गेला. आम्ही मागून पोचलो तर गुडघे टेकून पाण्यात डोकावत होता. फेस विरघळून गेला होता आणि पाण्यात काळे ठिपके वळवळत होते. "आपलीच असणार," तो म्हणाला. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात फोन आला. निफाडला रात्रीपासून पाऊस लागला होता. झालं. दादा म्हणाला, "परत फिरू. समुद्र कुठं पळून जातोय?" वहिनी गाडीत जाऊन बसली आणि काचेबाहेर बघत राहिली. मला असा संताप आला, की मी गाडी काढली आणि न विचारता सावंतवाडीचा घाट उतरायला लागले. दादा वळणावळणाला "अगं ए" म्हणत होता. म्हटलं, उतर आणि जा चालत.

वेंगुर्ल्याला पोचेपर्यंत तो दर दोन मिनिटांनी फोन बघत होता. वाळूवर आल्यावर मात्र त्यानं विजार वर दुमडली, फोन वहिनीच्या हातात दिला आणि पाण्यात गेला. गुडघाभर पाण्यात उभा राहिला. हात मोकळे.

फोन वाजला. वहिनीनं उचलला आणि अगदी शांतपणे बागेवरच्या माणसाला सांगितलं, "छाटलेल्या एकरालाच फवारा मार. पाऊस थांबून पानं सुकू दे आधी. खालची बाजू नीट भिजव. बाकीच्या बागेला हात लावू नको." मी बघतच राहिले. एवढी वर्षं ही बाग दोघं सांभाळत होती आणि मी मात्र ती दादाचीच म्हणत होते.

"दादाला हाक मारू?" मी विचारलं.

"नाय. राहू द्या."

"मग तुम्ही तरी जा. समुद्र बघायचा म्हणून एवढा हट्ट केलात."

"मी बघितलाय ताई," वहिनी म्हणाली. "शाळेची सहल गेली होती. मला ह्यांना बघायचं होतं. वर आभाळाकडं नाय, पानाखाली नाय, नुसतं असं उभं राहिलेलं. लग्न झाल्यापासून एकदा पण बघितलं नाय."

 तीन दिवस मी हिचा लाड पुरवतेय या थाटात गाडी हाकत होते. तिकडे दादा वळला आणि हात हलवून तिला बोलवायला लागला. वहिनीनं फोन माझ्या हातात कोंबला, साडी खोचली आणि त्याच्याकडे चालू लागली. फोन कुणाचा होता, हे त्यानं विचारलंच नाही.